शस्त्रक्रियेपूर्वींचे सहा आठवडे

चंद्रपूरहून ताडोबाच्या अरण्याकडे निघालें म्हणजे रान दाट होण्यापूर्वीं मोहर्ली हें गांव लागतें. एका अंगास इरई धरणाचें पाणी आणि दुसऱ्या अंगास साग व बांबू. १९५५ सालीं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालें, पुढें १९९५ सालीं तेथें व्याघ्रप्रकल्प झाला. आणि आतां वाघ पाहावयास येणाऱ्या मंडळींच्या गाड्या पहांटेच या गांवांतून जाऊं लागतात.

माझी वडील बहीण येथें राहते. भाऊजींनीं वनखात्यांत पस्तीस वर्षें नोकरी केली, व त्यांतलीं निम्मीं तरी पायीं रान तुडविण्यांत घालविलीं. निवृत्त झाल्यावर नागपुरास घर घ्यावें असा सर्वांचा आग्रह होता. तो त्यांनीं मोडून काढला व येथेंच लांब ओसरीचें कौलारू घर बांधलें. घरांत ऐंशी ओलांडलेल्या त्यांच्या मातोश्री, दोन मुलगे, दोन सुना व चार नातवंडें. अशा भरल्या घरांत गेल्या पौषांत रोग शिरला. प्रथम भाकरीचा घास अडकूं लागला, मग भाताचा. पुढें पुढें पाणीहि सावकाश प्यावें लागे. नागपुरास तपासणी झाली आणि अन्ननलिकेचा कर्करोग असें निदान ठरलें.

डॉक्टरांनीं आखून दिलेला क्रम असा होता: पांच आठवडे किरणोपचार, ज्यास आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, व त्याच्या जोडीस दर आठवड्यास एकदां शिरेंतून औषध, त्यानंतर पांच-सहा आठवडे विसांवा, आणि मग शस्त्रक्रिया. यांपैकीं पहिलें व तिसरें कलम ऐकून सर्वांच्या पोटांत गोळा उठला. मधलें मात्र गोड वाटलें. शेक संपवून भाऊजी घरीं आले तेव्हां ताईनें माजघराशेजारची खोली रिकामी करवून खाट घातली. सकाळ-संध्याकाळ पेज, मधून मधून मोसंब्याचा रस, कोणीं मोठ्यानें बोलावयाचें नाहीं, आणि भाऊजींनीं खाटेवरून उठावयाचें नाहीं. न्हाणीघरापर्यंतसुद्धां धाकटा मुलगा धरून नेई. हें सारें अत्यंत प्रेमानें चाललें होतें, असें मी मुद्दाम लिहून ठेवितों.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत शस्त्रक्रियेपूर्वींच्या तपासणीस आम्ही त्यांना घेऊन गेलों. छायाचित्रांत गांठ चांगलीच आक्रसलेली दिसली. सर्जन समाधान पावले. परंतु भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचें लक्ष छायाचित्राकडे फारसें नव्हतें. त्यांनीं भाऊजींना जिन्याशीं नेलें व म्हटलें, “बाबा, माझ्याबरोबर दोन मजले चढा पाहूं.” अकराव्या कीं बाराव्या पायरीवर भाऊजी कठडा धरून उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. मोहर्लीपासून कोळशापर्यंत रान पायाखालीं घातलेला मनुष्य अर्धा जिना चढूं शकला नाहीं!

शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढें गेली. ताईला वाटलें कीं, रोग बळावला. वास्तविक रोग हटला होता. पण त्याला हटवितां हटवितां रोग्याचा दमसासहि खर्च झाला होता. असें होतें, पुष्कळांचें होतें, व त्यावर कांहीं करतां येतें, हें आम्हांस आगाऊ कोणीं सांगितलें नव्हतें. त्या तीन आठवड्यांत मीं जें वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें, तें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें तेव्हां कर्करोगाविरुद्ध मनुष्याच्या हातांत मुख्यतः दोनच हत्यारें होतीं: सर्जनची सुरी आणि किरण. गांठ कापतां येण्याजोगी असली तर बहुधा आधीं कापावयाची, हा तेव्हांचा साधा हिशेब. पुढें औषधें निघालीं, आणि गेल्या पन्नास वर्षांत कित्येक प्रकारच्या कर्करोगांत हा क्रम उलटा झाला. आधीं औषध किंवा शेक किंवा दोन्ही, आणि मग सुरी. गांठ लहान झाली तर ती निर्मळपणें निघते. इतरत्र पसरूं पाहणाऱ्या पेशींवर लौकर मारा होतो. शिवाय औषध लागू पडतें कीं नाहीं हें डोळ्यांदेखत कळतें.

हा क्रम म्हणजे डॉक्टरांची लहर नव्हे. भाऊजींना जो उपचार दिला तशाच उपचाराची हॉलंडमध्यें ३६६ रोग्यांवर कसोटी घेण्यांत आली व तिचा निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांची केवळ शस्त्रक्रिया केली त्यांच्यापैकीं निम्मे रोगी २४ महिन्यांपलीकडे जगले. ज्यांना आधीं औषध व किरण दिले त्यांच्यांत हाच आंकडा ४९ महिन्यांवर गेला. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं “वेळ कां दवडतां, आधीं कापून मोकळे व्हा,” असा हट्ट धरूं नये. आमच्या घरीं तो धरला गेला होता.

आतां या उपचाराची किंमत. मोठी शस्त्रक्रिया ही शरीराच्या दृष्टीनें एक चढण आहे, आणि ती निजल्या निजल्या चढावी लागते. मनुष्य स्वस्थ बसला असतां वजनाच्या दर किलोमागें मिनिटास सुमारें साडेतीन मिलिलिटर प्राणवायु वापरतो. पोट किंवा छाती उघडण्याची शस्त्रक्रिया झाली म्हणजे ही गरज जवळजवळ दीडपट होते, आणि घटकाभर नव्हे तर कित्येक दिवस तशीच राहते. ज्याचें हृदय, फुप्फुसें व स्नायु हा वाढीव पुरवठा करूं शकतात तो निभावतो. ज्याचे करूं शकत नाहींत त्याला न्यूमोनिया गांठतो, जखम भरत नाहीं, हृदय थकतें.

हें सामर्थ्य मोजतां येतें. रोग्याला जागच्या जागीं फिरणाऱ्या सायकलीवर बसवून, तोंडावर मुखवटा लावून, पायडल हळूहळू जड करीत जातात. एक क्षण असा येतो कीं, स्नायूंना मिळणारा प्राणवायु पुरेनासा होतो व ते दुसऱ्या, लौकर थकविणाऱ्या मार्गानें शक्ति काढूं लागतात. हा उंबरठा ज्याचा खालीं, त्याला शस्त्रक्रियेचा धोका अधिक. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टरांनीं १९९३ सालीं १८७ वृद्ध रोग्यांचा वृत्तांत दिला. ज्यांचा उंबरठा ११ मिलिलिटरांच्या खालीं होता अशा ५५ जणांपैकीं १० जण शस्त्रक्रियेनंतर हृदयविकारानें दगावले. ज्यांचा त्याहून वर होता अशा १३२ जणांपैकीं फक्त एक. वय दोघांचें सारखेंच उतरलेलें, पण दमसास वेगळा.

आणि याच उंबरठ्यावर औषधांचा घाव पडतो. २०१४ सालीं इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगाचे रोगी औषधांपूर्वीं व औषधांनंतर असे दोनदां सायकलीवर बसविले होते. त्यांचा सरासरी उंबरठा १४.५ वरून १२.३ वर उतरला. अखेरच्या ताणांत घेतां येणारा प्राणवायु २०.८ वरून १८.३ वर आला. आंकडे लहान दिसतात. पण ११ ची रेषा ध्यानांत ठेवून पाहिलें म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. जो मुळांतच काठावर उभा आहे त्याला एवढा धक्का पुरेसा होतो. याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, ज्यांचें सामर्थ्य औषध सुरू होण्यापूर्वींच कमी होतें, त्यांच्यांतले अधिक रोगी वर्षाच्या आंत गेले.

कारणें एकाहून अधिक आहेत. औषधांमुळें अस्थिमज्जा दबते व रक्तांतील हिमोग्लोबिन उतरतें, म्हणजे प्राणवायु वाहणारे हमालच कमी होतात. स्नायूंच्या पेशींत शक्ति निर्माण करणारीं जीं सूक्ष्म यंत्रें असतात तीं मंदावतात. स्तनाच्या कर्करोगांत पुष्कळदां दिलें जाणारें लाल रंगाचें अॅड्रियामायसिन हृदयाच्या स्नायूला जपून द्यावें लागतें. कांहीं औषधांनीं तळपाय बधिर होतात व चालण्याचा विश्वास जातो. ही झाली औषधांची करणी, आणि तिच्यावर घरच्या माणसांचा इलाज नाहीं. परंतु आणखी दोन कारणें उरतात: रोगी खात नाहीं, आणि रोगी उठत नाहीं. हीं दोन्ही घराच्या हातचीं आहेत.

खाटेचा महिमा आमच्याकडे फार. त्याविषयीं २००७ सालचा एक अमेरिकन प्रयोग मला विसरतां येत नाहीं. सुमारें ६७ वर्षे वयाचीं ११ निरोगी माणसें केवळ दहा दिवस अंथरुणांत ठेविलीं. त्यांना रोग नव्हता, औषध नव्हतें, जेवण व्यवस्थित होतें. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचें सुमारें एक किलो मांस झडलें. आम्हीं भाऊजींना चार आठवडे निजविलें होतें, आणि तेंहि पेजेवर.

गेलेला दम परत मिळतो काय? कांहीं अंशीं मिळतो. २०१५ सालीं लिव्हरपूल येथील डॉक्टरांनीं गुदाशयाच्या कर्करोगाचे ३९ रोगी घेतले. सर्वांचा शेक व औषध नुकतेंच संपलें होतें व सर्वांचा उंबरठा उतरला होता. त्यांपैकीं २२ जणांना सहा आठवडे, आठवड्यांतून तीनदां, सायकल चालवावयास लाविलें. कांहीं मिनिटें सावकाश, कांहीं मिनिटें जोरानें. उरलेले १७ नेहमींप्रमाणें राहिले. सायकल चालविणाऱ्यांनीं जवळजवळ गमावलें तेवढें परत मिळविलें. दुसऱ्यांचें तें परत आलें नाहीं. म्हणजे ज्या सहा आठवड्यांना आम्ही विसांवा म्हणत होतों तेच कमाईचे आठवडे होते.

या तयारीस आतां वैद्यकांत स्वतंत्र शाखेचें स्थान मिळूं लागलें आहे. कॅनडांतील माँट्रियल येथें २०१४ सालीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाच्या ७७ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत, शस्त्रक्रियेपूर्वीं सुमारें महिनाभर व्यायाम, प्रथिनयुक्त आहार व मनाची धास्ती कमी करण्याचे उपाय ज्यांना दिले त्यांच्यापैकीं ८४ टक्के रोगी शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांत पूर्वींइतके चालूं लागले. ज्यांना हेंच सर्व शस्त्रक्रियेनंतर दिलें त्यांच्यांत ६२ टक्के. युरोप व कॅनडांतील २५१ रोग्यांवरील २०२३ सालच्या मोठ्या कसोटींत गंभीर उपद्रवांचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलें. मात्र सर्वच निकाल असे सुखकर नाहींत. अत्यंत क्षीण अशा ११० वृद्धांवर माँट्रियलमध्येंच झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, व्यायाम आधीं दिला काय आणि नंतर दिला काय, उपद्रवांत फरक पडला नाहीं. तेव्हां व्यायामानें शस्त्रक्रिया निर्धोक होते असें कोणी सांगूं लागल्यास विश्वास ठेवूं नये. दम वाढतो हें खरें. त्यापुढचें अजून तपासलें जात आहे.

आतां पुन्हां मोहर्लीस येतों. सायकल नाहीं, मुखवटा नाहीं, आणि एप्रिलअखेरचें चंद्रपूरचें ऊन! पारा ४६-४७ अंशांवर जातो. सकाळीं उजाडतां बाहेर पडावें तर तोच वाघाचा वेळ. मोहफुलें वेचावयास आणि पुढें तेंदूपत्ता तोडावयास पहांटे रानांत जाणाऱ्या माणसांवर या दिवसांत हल्ले होतात, हें त्या भागांत लहान पोरहि जाणतें. तेव्हां फिरावयास जावें कोठें?

उपाय ओसरीनेंच पुरविला. रोग्याचा दम साध्या रीतीनें मोजण्याची एक जगन्मान्य पद्धति आहे: तीस मीटर सपाट जागेवर त्याला सहा मिनिटें आपल्या गतीनें चालवावयाचें व एकंदर अंतर मोजावयाचें. आमची ओसरी दोरीनें मोजली तों पंधरा मीटर भरली. जाऊन येऊन तीस. ताई खांबाशीं पाट मांडून बसे व दर फेरीस एक चिंचोका वाटींत टाकी. पहिल्या दिवशीं सहा मिनिटांत आठ चिंचोके पडले, आणि भाऊजी मटकन् बसले. रुग्णालयांतील व्यायामतज्ज्ञ बाईंनीं सांगितलें होतें कीं, चालतांना दोन शब्द बोलतां यावेत पण गाणें म्हणतां येऊं नये, इतपत वेग असावा. दिवसांतून तीनदां चालणें, खुर्चींतून हात न टेकतां उठणें-बसणें, आणि तीन गोळ्यांच्या यंत्रांतून श्वास ओढणें, एवढाच काय तो व्यायाम. ताप असला, चक्कर आली, छातींत दुखलें, किंवा रक्ताच्या तपासणींत प्लेटलेट फार उतरलेल्या निघाल्या तर त्या दिवशीं सर्व बंद. आणि ज्यांच्या हाडांत रोग गेला आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून कांहींच करूं नये.

जेवणाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण तो स्वयंपाकघरांतला. कर्करोगाच्या रोग्याला वजनाच्या दर किलोमागें निदान एक ग्रॅम, आणि शक्य तर दीड ग्रॅम प्रथिनें रोज मिळावींत असें आहारशास्त्रज्ञ सांगतात. भाऊजींचें वजन ५२ किलोवर आलें होतें. म्हणजे ५२ ते ७८ ग्रॅम. वाटीभर पेजेंत जेमतेम दीड-दोन ग्रॅम असतात! आहारतज्ज्ञ बाईंनीं सहज म्हटलें, “अंडीं चालतात ना?” गाडींत परततांना कोणीच बोललें नाहीं. शेवटीं मातोश्रींच्या कानावर घालावें लागलें. त्यांनीं जपमाळ खालीं ठेविली व म्हणाल्या, “माझ्या चुलीवर नको. मागल्या पडवींत शेगडी मांडा, आणि मला सांगूं नका.” ऐंशी वर्षांच्या सोंवळ्यानें दिलेला हा निकाल मला कोणत्याहि शास्त्रार्थापेक्षां थोर वाटला.

पण गंमत अशी कीं, हिशेब मांडला तेव्हां अंड्यावांचून अडत नव्हतें. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें. लिटरभर दुधांत ३२. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत २२. तितक्याच शेंगदाण्यांत २५. दुधांतच दुधाची भुकटी कालवून, डाळ दाट शिजवून गाळून, दाण्याचें कूट अगदीं बारीक वाटून, दर दोन तासांनीं वाटी-अर्धी वाटी दिलें कीं साठ ग्रॅमांचा पल्ला गांठतां येतो. घास उतरत नसेल तेथें नळीनें तेंच घालतात. धाकट्या सुनेनें भिंतीवर कागद चिकटवून रोजचा जमाखर्च लिहावयास सुरुवात केली. अंडें तीनदां झालें. नंतर भाऊजींनाच त्याचा वास नकोसा झाला.

एक बाब राहते. एकत्र कुटुंबांत आजारी पडतो तो कर्ता पुरुष असला तर त्याला अति विसांवा मिळतो. सून असली तर मुळींच मिळत नाहीं. स्तनाच्या कर्करोगांत आधीं औषध देण्याचा प्रघात आतां पुष्कळ आहे. अमेरिकेंत १९८८ ते १९९३ या काळांत १५२३ स्त्रियांवर झालेल्या कसोटींत, आधीं औषध दिल्यानें आयुष्य वाढलें नाहीं, पण अधिक स्त्रियांचा स्तन राखतां आला. अशी स्त्री औषध घेऊन येते, दोन दिवस पडून राहते, आणि तिसऱ्या दिवशीं पोळ्या लाटावयास बसते. घरकामांत व्यायाम होतोच, असें म्हणणाऱ्यांस मी इतकेंच विचारतों कीं, ओट्याशीं तीन तास उभें राहून दमसास वाढल्याचें त्यांनीं कोठें पाहिलें आहे? तिला पोळ्यांतून सुटका हवी आणि चालावयास अर्धा तास हवा. भेटीस येणाऱ्यांची रीघहि आवरली पाहिजे. औषधानंतर रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, आणि समाचारास आलेला खोकला तिला महाग पडतो.

मोहर्लीच्या आसपासच्या खेड्यांत तर प्रश्नाचें रूपच वेगळें आहे. चंद्रपूर-गडचिरोलींत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा घरोघर चालतो, आणि त्याचें फळ तोंडाच्या कर्करोगांत दिसतें. टाटा रुग्णालयांत, शस्त्रक्रिया करतां येणार नाहीं इतका रोग वाढलेल्या ७२१ रोग्यांना आधीं औषध देऊन पाहिलें, तेव्हां ३१० जणांची गांठ कापण्याइतकी लहान झाली. हा वृत्तांत २०१४ सालचा आहे. परंतु अशा रोग्याचें तोंड सुपारीनें आधींच आवळलेलें असतें. दोन बोटें जात नाहींत, तेथें घास कसा जाणार? रोज दहा कोस चालणारे त्याचे पाय शाबूत असतात, उपाशी राहून तेच झिजतात. त्याला चालण्याच्या उपदेशाची गरज नाहीं. त्याला दूध, डाळ आणि नागपूरच्या फेऱ्यांचें भाडें हवें.

तीन आठवड्यांनीं भाऊजी पुन्हां त्याच जिन्याशीं उभे राहिले. पूर्वींचा मनुष्य परत आला होता असें मी म्हणणार नाहीं. सहा मिनिटांचे चिंचोके आठाचे दहा झाले होते, वजन दीड किलो वाढलें होतें. दुसऱ्या मजल्यावर पोंचतांना ते थांबले, पण कठडा धरला नाहीं. मेच्या मध्यास शस्त्रक्रिया झाली. अन्ननलिकेचा बराच भाग काढून जठरच वर ओढून जोडलें. दुसऱ्या दिवशीं परिचारिकांनीं त्यांना नळ्यांसकट उभें केलें. चौथ्या दिवशीं फुप्फुसांत थोडें पाणी झालें, तें काढावें लागलें. जूनच्या आरंभीं ते घरीं आले.

श्रावणांत मी मोहर्लीस गेलों तेव्हां अरण्याचा गाभा पावसाळ्यापुरता बंद होता व गांव शांत होतें. भाऊजी दिवसांतून सहा वेळां थोडें थोडें खातात, जेवल्यावर लगेच आडवे होत नाहींत, आणि उशाला दोन तक्के घेऊन निजतात. अंग अजून भरलेलें नाहीं. ओसरीवरच्या फेऱ्या मात्र चालू आहेत. चिंचोके नातवंडांनीं खेळांत हरवले. त्यामुळें आतां ते फेऱ्या तोंडींच मोजतात, आणि ताई म्हणते कीं, दोन-तीन तरी लबाडीनें जास्त सांगतात.